व्हिटॅमिन सी केमोला मदत करतं की आडवं येतं?

दोन पेपर शेजारी शेजारी ठेवा. पहिला २००८ सालचा, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या हीनी आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी ल्युकेमियाच्या के-५६२ आणि लिम्फोमाच्या आरएल या पेशींमध्ये आधी व्हिटॅमिन सी भरलं आणि मग डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, इमॅटिनिब अशी एकमेकांशी काही नातं नसलेली औषधं दिली. सगळ्याच औषधांची धार कमी झाली, ३० ते ७० टक्क्यांनी. दुसरा पेपर २०११ सालचा, एस्पी आणि सहकाऱ्यांचा. स्वादुपिंडाच्या कॅन्सरपेशींना जेमसायटाबिनबरोबर व्हिटॅमिन सी दिलं, तर दोघांनी मिळून बेरजेपेक्षा जास्त पेशी मारल्या.

व्हिटॅमिन तेच, डिशमध्ये कॅन्सरपेशीच, आणि उत्तरं उलटी. संशोधनाकडे वळणाऱ्या बहुतेकांची अशा वेळी पहिली प्रतिक्रिया असते, 'यातला कुणीतरी एक चुकलाय'. माझं मत वेगळं आहे. दोघंही बरोबर आहेत, फक्त दोघांनी वेगळे प्रश्न विचारलेत. ते वेगळे कसे, हे नीट उलगडलं तर पेशींवरचा कुठलाही 'अमुक अधिक तमुक' प्रयोग वाचायची नजर तयार होते. म्हणून आज हा विषय जरा सविस्तर.

आधी आकडे

या विषयावर वाद घालण्याआधी एक गोष्ट पाठ करून टाका: मायक्रोमोलर आणि मिलीमोलर यांत हजार पटींचा फरक आहे. वाचताना हा फरक डोळ्यांखालून सहज निसटतो.

नीट खाणाऱ्यापिणाऱ्या माणसाच्या प्लाझ्मात व्हिटॅमिन सी असतं साधारण ५० ते ८० मायक्रोमोलर. गोळ्या वाढवत गेलात तर ते वाढतं, पण थोडंच. आतड्यातून शोषण्याला मर्यादा आहे आणि वर गेलेलं मूत्रपिंड बाहेर टाकतं. अमेरिकेच्या एनआयएचमधल्या मार्क लेव्हिन यांच्या गटाने २००४ साली हिशोब मांडला. तोंडावाटे सहन होईल तितका जास्तीत जास्त डोस, म्हणजे दर चार तासांनी ३ ग्रॅम, घेतला तरी पातळी २२० मायक्रोमोलरच्या आसपास अडते. शिरेतून ५० ग्रॅम दिलं तर ती १३,४०० मायक्रोमोलर, म्हणजे १३.४ मिलीमोलरपर्यंत जाऊ शकते. तोंडावाटे आणि शिरेतून यांत साठ पटींचा फरक!

या एका आकड्याने जुनं भांडण बरंचसं समजतं. १९७६ साली स्कॉटलंडचे सर्जन युएन कॅमरन आणि दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग यांनी शेवटच्या टप्प्यातल्या १०० रुग्णांना व्हिटॅमिन सी दिलं आणि १००० जुन्या रुग्णांच्या नोंदींशी तुलना करून 'हे रुग्ण चौपटीहून जास्त काळ जगले' असं सांगितलं. जुन्या नोंदींशी तुलना हा कच्चा दुवा होताच. मग मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ साली रँडमाइझ्ड चाचण्या केल्या आणि फायदा शून्य निघाला. विषय तिथेच संपला असं सगळ्यांनी धरलं. पण कॅमरन यांच्या पद्धतीत सुरुवातीचे काही दिवस शिरेतून डोस होता, मेयोने रोज १० ग्रॅम फक्त तोंडावाटे दिलं. म्हणजे दोघांनी एकाच नावाची, पण रक्तातल्या पातळीच्या दृष्टीने अगदी वेगळी औषधं तपासली. यातून पॉलिंग बरोबर ठरत नाहीत, हेही लक्षात ठेवा. फक्त मेयोच्या चाचण्यांनी शिरेतून दिलेल्या डोसचा प्रश्न सोडवला नाही, इतकंच म्हणता येतं.

ॲन्टिऑक्सिडंट? थांबा जरा

मुलाखतीत हा विषय निघाला तर 'व्हिटॅमिन सी ॲन्टिऑक्सिडंट आहे, म्हणून ते केमोचा परिणाम कमी करतं' हे उत्तर देऊन थांबू नका. पुढचा प्रश्न तिथेच तयार असतो.

व्हिटॅमिन सी इलेक्ट्रॉन देतं, हा त्याचा स्वभाव. ते कुणाला देतं यावर सगळं अवलंबून. फ्री रॅडिकलला दिला तर तो शांत होतो आणि आपण त्याला ॲन्टिऑक्सिडंट म्हणतो. पण भोवती लोह किंवा तांब्याचे आयन असतील, तर इलेक्ट्रॉन त्यांच्यामार्फत ऑक्सिजनकडे जातो, सुपरऑक्साइड बनतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड. मायक्रोमोलर पातळीला हे नगण्य. मिलीमोलर पातळीला मात्र व्हिटॅमिन सी म्हणजे पेरॉक्साइड तयार करणारी भट्टीच होते.

लेव्हिन यांच्याच गटाचा २००५ सालचा पेपर यासाठी वाचा, मुख्य लेखिका चेन. दहा प्रकारच्या कॅन्सरपेशी, चार प्रकारच्या निरोगी पेशी आणि फक्त एक तासाचा संपर्क. पाच कॅन्सर लाइन्समध्ये अर्ध्या पेशी मरायला ४ मिलीमोलरपेक्षा कमी पुरलं, निरोगी पेशींना २० मिलीमोलरनेही काही झालं नाही. पण मला त्या पेपरमधली आवडणारी गोष्ट वेगळी आहे. त्यांनी मीडियममध्ये कॅटलेज टाकलं. कॅटलेज हे एन्झाइम पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं आणि आकाराने मोठं असल्याने पेशीच्या बाहेरच राहतं. कॅटलेज टाकल्यावर पेशी वाचल्या. म्हणजे मारणारं व्हिटॅमिन सी नव्हतं, बाहेर तयार झालेलं पेरॉक्साइड होतं. एका साध्या कंट्रोलने केवढा मोठा निष्कर्ष! त्याच गटाने हेही दाखवलं की मीडियममध्ये जे पेरॉक्साइड बनतं, ते रक्तात टाकल्यावर मोजता येईल इतकं बनत नाही, कारण रक्तात त्याची विल्हेवाट लावणारी यंत्रणा भरपूर. पुढे २००७ साली उंदरांच्या प्रयोगात पेशींभोवतीच्या द्रवात ते बनतं असं दिसलं. म्हणून ते व्हिटॅमिन सीला इथे 'प्रोड्रग' म्हणतात, म्हणजे जागेवर पोचून खरं औषध तयार करणारा निरोप्या.

मग कॅन्सरपेशीच का मरतात? याचं एकच उत्तर नाही. आयोवा विद्यापीठाच्या गटाचं म्हणणं, की कॅन्सरपेशींची पेरॉक्साइड निकामी करायची क्षमता सरासरीने निरोगी पेशींच्या निम्मीच असते, आणि त्यांच्यात मोकळं लोह जास्त असतं. लोह आणि पेरॉक्साइड भेटले की हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतो, आणि तो डीएनएला सोडत नाही. २०१५ साली लुईस कॅन्टली यांच्या गटाने आणखी एक वाट दाखवली. के-रास किंवा बी-राफ हे जनुक बिघडलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपेशींवर ग्लुकोज आत घेणारी ग्लुट-१ ही वाहिनी खूप असते. व्हिटॅमिन सीचं ऑक्सिडाइझ झालेलं रूप याच वाहिनीतून आत शिरतं. आत गेल्यावर त्याला परत मूळ रूपात आणायला पेशीचं ग्लुटाथायोन खर्ची पडतं, ऑक्सिडेशनचा ताण वाढतो, ग्लुकोज जाळणारं एक महत्त्वाचं एन्झाइम बंद पडतं आणि पेशीची ऊर्जाच संपते. ग्लुकोजच्या हावेपायी दार सताड उघडं ठेवणं अंगाशी आलं, असं म्हणा.

आता हीनी यांच्याकडे परत

त्यांनी पेशींना साधं ॲस्कॉर्बेट दिलंच नव्हतं. त्यांनी डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल दिलं, म्हणजे वर सांगितलेलं ऑक्सिडाइझ झालेलं रूप. कारण समजण्यासारखं आहे. साधं ॲस्कॉर्बेट आत नेणारी सोडियमवर चालणारी वेगळी वाहिनी असते आणि ती सगळ्या पेशींवर पुरेशी नसते. ऑक्सिडाइझ झालेलं रूप मात्र ग्लुकोजच्या वाहिनीतून झपाट्याने आत जातं आणि आत त्याचं परत ॲस्कॉर्बेट होतं. म्हणजे या प्रयोगात व्हिटॅमिन सी पेशीच्या *आत* साठलं, बाहेर पेरॉक्साइडची भट्टी पेटलीच नाही. आणि मग केमोचं औषध दिलं.

आत साठलेल्या व्हिटॅमिनने काय केलं? त्यांना दिसलं, की ही सगळी औषधं शेवटी मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यावरचा विद्युतभार घालवतात, तो गेला की पेशी मरणाच्या वाटेला लागते, आणि व्हिटॅमिन सी तो भार टिकवून धरत होतं. पाच वेगळ्या तऱ्हेच्या औषधांवर सारखाच परिणाम का, याचं हे पटणारं उत्तर आहे. आरएल पेशींचे ट्यूमर वाढवलेल्या उंदरांतही डॉक्सोरुबिसिनच्या आधी व्हिटॅमिन दिल्यावर औषधाचा परिणाम घटला.

या पेपरवर टीका झाली, की शिरेतून ॲस्कॉर्बेट देतात तेव्हा हे रूप दिलं जात नाही, मग याचा रुग्णांशी संबंध काय? टीकेत तथ्य आहे. पण उलट बाजूही बघा. रोजच्या गोळ्यांनी पेशींच्या आतला साठा हळूहळू भरतो आणि बाहेर मिलीमोलर पातळी कधीच येत नाही. म्हणजे गोळ्या घेणाऱ्या रुग्णाची स्थिती एस्पी यांच्या डिशपेक्षा हीनी यांच्या डिशच्या जवळची असण्याची शक्यता मला जास्त वाटते. हा माझा अंदाज. पटत नसेल तर खोडून काढायला कोणता प्रयोग लागेल, याचा जरूर विचार करा.

एक औषध असं आहे, जिथे मायटोकॉन्ड्रियापर्यंत जायचीही गरज नाही. मल्टिपल मायलोमासाठी वापरतात ते बोर्टेझोमिब. त्याच्या रेणूत बोरॉनचा एक गट आहे, आणि व्हिटॅमिन सीच्या रेणूवर शेजारी शेजारी हायड्रॉक्सिल गट आहेत. दोघे थेट एकमेकांना धरतात. औषध प्रोटिॲसोमला चिकटण्याऐवजी व्हिटॅमिनलाच चिकटून बसतं. इथे ऑक्सिडेशनचा संबंधच नाही, सरळ रसायनशास्त्र. २००९ सालच्या पेरोन यांच्या पेपरमध्ये रोज १ ग्रॅम व्हिटॅमिन सी घेणाऱ्या निरोगी माणसांचा प्लाझ्मा मायलोमाच्या पेशींवर टाकला, तेवढ्यानेही बोर्टेझोमिबचा परिणाम कमी झाला. १ ग्रॅम म्हणजे औषधाच्या दुकानात कुणीही मागून घेईल अशा दोन गोळ्या. त्याच वर्षी ग्रीन टीमधल्या मुख्य पॉलिफेनॉलबद्दलही असंच दिसलं, कारण रेणूवरची रचना तशीच.

तेव्हा 'व्हिटॅमिन सी आणि केमो' हा एक प्रश्न नाहीच. कोणतं औषध, व्हिटॅमिनचं कोणतं रूप, किती पातळी, पेशीच्या आत की बाहेर, आधी की बरोबर, हे ठरल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

तुमच्या डिशमध्ये हे करायचं झालं तर

ज्यांना उद्या खरोखर ९६ खणांची प्लेट हातात घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हा भाग लांबवतोय.

मीडियमपासून सुरू करा. २००१ साली क्लेमां, हॅलिवेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ॲस्कॉर्बेट किती विषारी दिसेल हे कोणतं मीडियम वापरता यावर ठरतं. डीएमईएममध्ये फेरिक नायट्रेट असतं, आरपीएमआय-१६४० मध्ये ते नसतं आणि उलट थोडं ग्लुटाथायोन असतं. काही डीएमईएम १ मिलीमोलर पायरुव्हेट घालून येतात, आणि पायरुव्हेट पेरॉक्साइडला गिळून टाकतं. म्हणजे फ्रीजमधली बाटली बदलली तर तुमचा निष्कर्ष बदलू शकतो, आणि पेपरच्या 'पद्धती' विभागात मात्र नुसतं 'डीएमईएम' असं लिहिलेलं असतं. बाटलीवरचा कॅटलॉग क्रमांक वहीत उतरवून ठेवा.

साधं ॲस्कॉर्बिक आम्ल २० मिलीमोलर टाकलंत तर मीडियम पिवळं पडेल, आणि पेशी आम्लाने मेल्या की व्हिटॅमिनने, हे सांगता येणार नाही. सोडियम ॲस्कॉर्बेट वापरा किंवा पीएच जुळवून घ्या. सोडियम ॲस्कॉर्बेटचं रेणुभार १९८, म्हणजे २० मिलीमोलरसाठी लिटरला जवळपास ४ ग्रॅम. एवढं मीठ गेलं की ऑस्मोलॅरिटीही वाढते, तेव्हा तितक्याच मोलॅरिटीचा सोडियम क्लोराइडचा एक कंट्रोल ठेवा. द्रावण ताजं करा, उरलेलं उद्यासाठी ठेवू नका, हवेत ते ऑक्सिडाइझ होत राहतं.

पुढची गोष्ट फारच थोडे लोक करतात. डोस मिलीमोलरमध्ये लिहायची आपल्याला सवय आहे, पण पेरॉक्साइडसारख्या गोष्टीत पेशीगणिक किती वाटा आला हे महत्त्वाचं, कारण पेशी ते संपवत असतात. हिशोब करा. ९६ खणांच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटरमध्ये ४ मिलीमोलर म्हणजे ४०० नॅनोमोल. १०,००० पेशी असतील तर पेशीमागे ४० पिकोमोल, २,००० असतील तर २००. सहा खणांच्या प्लेटमध्ये २ मिलिलिटर घेतलं आणि ३ लाख पेशी असल्या तर पेशीमागे साधारण २७. आणि कॉलनी मोजायच्या म्हणून ५०० पेशी पेरून थेट त्यावर हाच डोस दिलात तर? १६,००० पिकोमोल. चारही ठिकाणी तुम्ही वहीत '४ मिलीमोलर' असंच लिहिणार. आयोवाचा गट डोस पेशीमागे मोलमध्ये लिहा असा आग्रह धरतो, तो याचसाठी. कॉलनी मोजायच्या तर आधी दाट पेशींवर डोस द्या आणि मग विरळ पेरा.

मग येतं एमटीटी. स्वस्त, सोपं, सगळीकडे चालणारं. त्यात जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्माझान करतात असं आपण धरतो. पण हे काम म्हणजे इलेक्ट्रॉन देणं, आणि इलेक्ट्रॉन द्यायला व्हिटॅमिन सीला पेशी लागतच नाहीत! पेशी नसलेल्या खणात मीडियम, ॲस्कॉर्बेट आणि एमटीटी टाकून बघा, जांभळं होईल. मेलेल्या पेशी जिवंत दिसतील आणि तुम्ही लिहाल, 'व्हिटॅमिन सीने पेशींना केमोपासून वाचवलं'. डोस धुऊन काढल्यावर मोजा, बिनपेशींचा कंट्रोल ठेवा, आणि शक्य असेल तर निकाल कॉलनी मोजून पक्का करा. हीनी यांच्या पेपरवर माझा विश्वास बसायचं एक कारण हेच, की त्यांनी ट्रायपॅन ब्लू आणि कॉलनी वापरल्या होत्या.

'सिनर्जी' हा शब्दही जपून वापरा. एकट्या औषधाने ६० टक्के पेशी उरल्या, एकट्या व्हिटॅमिनने ५० टक्के, आणि दोन्ही मिळून ३२ टक्के. ३२ हा आकडा ५० पेक्षा कमी म्हणून बरेच जण सिनर्जी लिहून मोकळे होतात. पण दोघं एकमेकांची दखल न घेता काम करत असतील तर ०.६ गुणिले ०.५, म्हणजे ३० टक्के उरायलाच हव्यात. ३२ म्हणजे फार तर बेरीज. हा ब्लिस यांचा हिशोब. चाऊ आणि तलाले यांची पद्धत डोसच्या वक्रांवर चालते, ती दोन्हींचे पुरेसे वेगवेगळे डोस असल्याशिवाय वापरू नका.

इन्क्युबेटरमधल्या हवेत ऑक्सिजन १८ ते २० टक्क्यांच्या आसपास असतो, ऊतींमध्ये त्यापेक्षा खूप कमी. पेरॉक्साइड बनायला ऑक्सिजनच लागतो, म्हणजे डिश आपल्याला आधीच झुकतं माप देते. कमी ऑक्सिजनची सोय असलेला इन्क्युबेटर सगळ्यांकडे नसतो, पण निदान चर्चेच्या भागात हे लिहायला पैसे पडत नाहीत.

रुग्णांपर्यंत पोचल्यावर

डिशमधून बाहेर पडल्यावर चित्र संमिश्र आहे. चीनमध्ये मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरच्या ४४२ रुग्णांवर झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत (२०२२) केमोबरोबर शिरेतून भरपूर व्हिटॅमिन सी देऊन एकंदरीत आजार रोखून धरण्याचा काळ लक्षणीय वाढला नाही: ८.६ महिने विरुद्ध ८.३. रास जनुक बिघडलेल्या उपगटात मात्र ९.२ विरुद्ध ७.८ दिसलं, कॅन्टली यांच्या डिशशी जुळणारं. उपगटातला निकाल नवीन चाचणीने तपासायचा असतो, तो जिंकलेला सामना नव्हे. उलट आयोवामध्ये स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या ३४ रुग्णांवरच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत (२०२४) आठवड्यातून तीनदा ७५ ग्रॅम शिरेतून दिल्यावर मध्यम आयुर्मान ८.३ वरून १६ महिन्यांवर गेलं. आकडा डोळे दिपवणारा, पण रुग्ण ३४ च.

तुम्ही या क्षेत्रात काम करता हे कळलं की नातेवाईक, शेजारी, गावाकडची मंडळी फोन करून विचारणारच: 'केमो चालू आहे, लिंबू-आवळा चालेल का? गोळ्या देऊ का? कुणीतरी शिरेतून देतात म्हणे.' डिशवरून उपचाराचा सल्ला देणं आपलं काम नाही. पण दोन गोष्टी नक्की सांगता येतात. रोजच्या जेवणातला आवळा रक्तात मिलीमोलर पातळी आणत नाही, तेव्हा 'नैसर्गिक केमो' वगैरे फॉरवर्ड खोटे. आणि कोणतीही गोळी किंवा सलाइन सुरू करण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना नावासकट सांगायचं, विशेषतः बोर्टेझोमिब चालू असेल तर. शिरेतल्या मोठ्या डोसआधी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची तपासणी लागते, कारण ते कमी असलेल्यांच्या लाल पेशी फुटू शकतात. मूत्रपिंड अधू असेल तर ऑक्झलेट साचायचा धोका असतो. आणि अशा डोसनंतर बोटाला टोचून साखर मोजायची काही यंत्रं चुकीचा, फुगलेला आकडा दाखवतात, त्यावर विसंबून इन्सुलिन दिलं तर जिवावर बेतू शकतं.

आता तुमच्यासाठी एक प्लेट. एक औषध निवडा, एक पेशी लाइन. उभ्या ओळींत औषधाचे डोस. आडव्या ओळींत: काही नाही, १०० मायक्रोमोलर ॲस्कॉर्बेट, ४ मिलीमोलर ॲस्कॉर्बेट, आणि ४ मिलीमोलर अधिक कॅटलेज. एका प्लेटमध्ये व्हिटॅमिन औषधाच्या आदल्या दिवशी, दुसरीत बरोबर. चौथ्या ओळीत औषधाचा परिणाम तिसरीसारखाच राहिला तर पेरॉक्साइडची गोष्ट विसरा आणि दुसरं कारण शोधा. आणि तो पहिल्या ओळीपेक्षाही कमी झाला, तर हीनी आणि एस्पी दोघंही तुम्हाला एकाच प्लेटमध्ये भेटले.